घडवणं सुटलं, फिरणं लागलं. मग सुटलं काय?



मागच्या महिन्यात गुरुवारच्या सत्संगानंतर प्रसादाची भांडी घासत होतो. तेव्हा गोडादऱ्याच्या एका ताईंनी विचारलं, "तुमच्या घरच्या सगळ्या जुन्या मोटरसायकली विकल्या म्हणे. भाऊंना वैराग्य आलं का हो?" आम्ही हसून "हो, गुरुकृपा" म्हणून मोकळे झालो. पण लिंबायतच्या गरनाळ्यापर्यंत पोचेस्तोवर मनाला टोचणी लागली, की आपण सत्संगाच्या दारातच खोटं बोललो. वैराग्य वगैरे काही आलेलं नव्हतं. एक नाद गेला आणि दुसरा लागला, एवढंच झालं होतं. सेवेकऱ्याने असं गुळमुळीत बोलू नये. म्हणून पत्रिकेच्या ताईंनी "यावेळी तुम्ही काहीतरी लिहा" म्हटल्यावर हेच लिहायचं ठरवलं.

ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचे हे उधन्याला लूम्सच्या खात्यात फोरमन. मूळ गाव धुळे जिल्ह्यातलं. लिंबायतमधल्या निम्म्या घरांसारखे आम्हीही तापीच्या काठाने वरून खाली आलो आणि इथलेच झालो. दिवसभर लूमचं यंत्र, आणि पाळी संपली की ओट्यावर मोटरसायकल. पंचवीस वर्षं आमच्या ओट्यावर कुठली ना कुठली गाडी उघडी पडलेली असायची. जास्त करून जावा आणि येझदी. तरुण साधकांना ही नावं नव्याने निघालेल्या गाड्यांवरून माहीत असतील. जुन्या जावा म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून बनत. कंपनी इराणी मंडळींची होती. पुढे सत्तरच्या दशकात तीच गाडी येझदी नावाने निघू लागली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीचं इंजिन, एक सिलिंडर पण सायलेन्सर दोन, पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालणारी. गंमत म्हणजे तिची किक आणि गिअर एकाच दांडीने. गाडी सुरू केली की तीच दांडी पुढे वळवायची आणि गिअर टाकायचे. नव्या माणसाला हे जमत नाही, आणि न जमणाऱ्याकडे बघून यांना फार आनंद व्हायचा. हा अहंकार आम्ही पंचवीस वर्षं जवळून बघितला आहे.

ऑगस्ट 2006 चा पूर सुरतेत कोण विसरलंय? उकाईचं पाणी सुटलं आणि बहुतेक शहर बुडालं. त्या पुरात अडाजणच्या एका गृहस्थांची जावा चार दिवस पाण्याखाली होती. त्यांनी ती भंगारात काढली, यांनी उचलून आणली. इंजिन उघडलं तर आत चहाच्या गाळासारखा गाळ. पिस्टन चिकटलेला, टाकीला आतून गंज, वायरिंग सगळं कुजलेलं. ती गाडी उभी राहायला अडीच वर्षं लागली. मीटरचा काटा अहमदाबादच्या रविवारच्या गुजरी बाजारात मिळाला, त्यासाठी हे तीन वेळा गेले. टाकीवरची सोनेरी रेघ तर एका म्हाताऱ्या पेंटरकडून हाताने मारून घेतली. त्याच वर्षी आमच्या मुलीच्या बारावीच्या क्लासची फी दोन महिने थकली होती, हेही इथेच लिहून टाकतो. नाहीतर चित्र एकाच बाजूने रंगवल्यासारखं होईल.

आणि तरीही, त्या गाडीपाशी बसलेला माणूस बघावा असाच असायचा. वीज गेली, कळलं नाही. पाहुणे आले आणि गेले, कळलं नाही. आपल्या वाचनात भागवताचा अकरावा स्कंध येतो, त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथांनी याच स्कंधावर भाष्य केलं आणि काशीत पूर्ण केलं. त्या चोवीसांत एक बाण करणारा आहे. तो बाणाचं टोक सरळ करण्यात इतका गढलेला असतो, की वाजतगाजत राजाची स्वारी बाजूने गेली तरी त्याला पत्ता नाही. अवधूत म्हणतो, एकाग्रता मी याच्याकडून शिकलो. हा भाग आला की आमच्या बायकांच्या रांगेतून दोन-तीन कोपर आम्हाला टोचायचेच. आम्हालाही वाटायचं, खरंच, हे ध्यानच आहे. यांचं ध्यान ओट्यावर, आमचं देवघरात.

मग हे सुटलं कसं?

दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे ती पुरातली जावा एका शौकीन शेठनी विकत घेतली. भाव चांगला मिळाला. मुलीच्या लग्नाचा मंडप त्या पैशातून उभा राहिला, त्यामुळे तक्रार नाही. वर्षभराने हे सहज बघायला गेले. शेठच्या बंगल्यात तळमजल्यावर काचेच्या खोलीत गाड्या ओळीने उभ्या, वरून दिवे, खाली गालिचा. यांनी सवयीने टाकीचं झाकण उघडलं. आत पेट्रोलचा वाससुद्धा नव्हता. आग लागू नये म्हणून टाक्या कोरड्या ठेवतात म्हणे. हे घरी आले आणि जेवले नाहीत. "अडीच वर्षं मी तिचा श्वास चालू केला, आणि त्यांनी तिची मूर्ती केली," एवढंच बोलले.

(मूर्ती करण्यातही वाईट काही नाही. राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर ओम बन्नांच्या स्थानी बुलेट काचेत ठेवलेली आहे, लोक हार घालतात, नवस बोलतात. पण तिथे लोकांची श्रद्धा आहे. शेठच्या खोलीत नुसती मालकी होती.)

दुसरी गोष्ट जास्त लागली. यांचे एक गुरुबंधूच म्हणा, ज्यांच्याकडून हे पहिल्यांदा कार्बोरेटर उघडायला शिकले, ते वारले. त्यांच्याकडे सात गाड्या होत्या. काही पूर्ण, काही अर्ध्या. तेराव्यानंतर मुलांनी भंगारवाल्याला बोलावलं आणि वजनावर दिल्या. मुलांना दोष देत नाही, त्यांचं घर दोन खोल्यांचं. पण मधमाशीची गोष्ट आठवली. अवधूताच्या चोवीसांत तीही आहे. ती थेंब थेंब साठवते, आणि पोळं दुसराच काढून नेतो.

त्यानंतर वर्षभरात यांनी आमच्याकडच्या उरलेल्या दोन येझदी विकल्या. हत्यारांची पेटी खात्यातल्या एका पोराला दिली. ओटा रिकामा झाला. आम्हाला वाटलं, आता हे नेमाने सत्संगाला येतील, सकाळी आमच्याबरोबर जपाला बसतील. आम्ही मनातल्या मनात यांचं आसनसुद्धा मांडून ठेवलं होतं. आणि एका रविवारी हे शोरूममधून एक साधी, नवीन, दीडशे सीसीची गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "आता फिरायचं. तूही चल."

वय सत्तावन्न आणि त्रेपन्न. लोक काय म्हणतील ते बाजूला ठेवा, कारण आपल्याच सुरतच्या सारिका मेहता, जिनल शाह आणि रुताली पटेल 2019 मध्ये वाराणसीहून मोटरसायकलवर लंडनपर्यंत गेल्या. आम्ही तर मागे बसणार होतो. प्रश्न लाजेचा नव्हताच. प्रश्न हा होता, की एक हौस टाकून दुसरी धरली तर त्याला सुटणं म्हणायचं का? आणि घरात ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई असताना?

आमच्या मुलाने मध्ये एका अमेरिकन माणसाच्या पुस्तकाबद्दल सांगितलं. रॉबर्ट पर्सिग त्याचं नाव. 1968 मध्ये अकरा वर्षांच्या मुलाला मागे बसवून तो मोटरसायकलवर मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला गेला. सोबतच्या मित्राला आपल्या गाडीच्या आतल्या भानगडीत पडायचं नसे आणि पर्सिगला स्वतःच्या हाताने गाडी नीट ठेवण्यातच रस. त्यावरून त्याने 1974 मध्ये जगभर गाजलेलं पुस्तक लिहिलं. मुलाचं म्हणणं असं, की दुरुस्ती आणि प्रवास वेगळे नाहीत, मन लावलं की दोन्ही एकच. ऐकायला गोड आहे. पण आम्हाला तसं वाटत नाही. दुरुस्ती करणारा माणूस मालक असतो. पाना त्याच्या हातात, गाडी त्याच्यापुढे उघडी, वेळही त्याचाच. रस्त्यावर माणूस मालक राहत नाही. हे आम्हाला नेमावरच्या पुढे कळलं, ते सांगतो.

कार्तिकी एकादशीनंतर आम्ही नर्मदा परिक्रमेला निघालो. नर्मदामैया अमरकंटकपासून समुद्रापर्यंत 1312 किलोमीटर. पायी परिक्रमेचा जुना नेम तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा. गाडीवर ती पंधरा-वीस दिवसांत होते, आणि अशी परिक्रमा खरी की नुसती सहल, यावर ग्रुपवर पुष्कळ वाद झालेले आहेत. पुन्हा नको. नेम एकच, नदी उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. समुद्राच्या मुखाशी तेवढं नावेतून दक्षिण तीरावरून उत्तर तीरावर, मिठीतलाईला जायचं. आम्ही तसंच गेलो. गाडी तेवढी आमच्या भाच्याने भरूचच्या पुलावरून फिरवून आणली. मिठीतलाईला बाटलीत जल भरलं. नारेश्वरला रंग अवधूत महाराजांचं आणि गरुडेश्वरला टेंबे स्वामींचं दर्शन झालं. टेंबे स्वामी कोकणातल्या माणगावचे. अनवाणी देशभर फिरले आणि 1914 मध्ये इथे नर्मदेकाठी समाधिस्थ झाले. त्यांच्यापुढे दीडशे सीसीवाल्यांनी फार बोलू नये.

पहिले पाच-सहा दिवस काय झालं ते प्रामाणिकपणे लिहितो. आम्ही किलोमीटर मोजत होतो. रात्री धर्मशाळेत पोचलो की आधी मीटरचा फोटो, मग हातपाय धुणं. स्टेटसवर टाकलं, किती जणांनी पाहिलं ते बघितलं. महेश्वरला अहिल्याबाईंचा घाट समोर, आणि आम्ही "घाट नीट येतोय का" म्हणून मोबाईल धरून उभे. ओट्यावर गाड्या साठत होत्या, आता गावं साठायला लागली. पोळं तेच, मध वेगळा. तेव्हा वाटलं, त्या ताईंना एका अर्थाने आम्ही आधीच उत्तर देऊन बसलोय. सुटलं काहीच नव्हतं.

नेमावरच्या पुढे गाडी बंद पडली. आणि ज्या माणसाने गाळाने भरलेलं इंजिन जिवंत केलं होतं, तो रस्त्याच्या कडेला हात बांधून उभा. नव्या गाडीत कार्बोरेटर नाही, पॉईंट नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक. मीटरवर एक पिवळा दिवा लागलेला आणि त्याचा अर्थ यांना लागेना. हत्यारांची पेटी तर दान केलेली. दोन तास तसेच गेले. मग एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी ट्रॉलीत चढवून गावात नेली. तिथे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने सीटखालचं एक कनेक्शन काढून, पुसून, परत लावलं. दहा मिनिटं. पैसे घेईना. "परिक्रमावासींकडून घेत नाही" म्हणाला आणि वर त्याच्या आईने टिक्कड आणि भाजी वाढली. यांनी त्या पोराला वाकून नमस्कार केला. पंचवीस वर्षांत यांनी कुठल्या मेकॅनिकला बरं म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

त्या रात्री हे म्हणाले, "ओट्यावर मला कुणाची गरज नव्हती. म्हणून तिथे बरं वाटायचं." यावर आम्ही खूप विचार केला. आपण ज्याला एकाग्रता म्हणतो त्यात कधीकधी माणसांपासून पळ काढणं असतं. बाण करणाऱ्याला राजाची स्वारी दिसली नाही हे ठीक. पण त्याच्या घरात कुणी आजारी असतं आणि त्याची हाक ऐकू आली नसती, तर अवधूताने त्याला गुरू केला असता का? क्लासची फी थकली तेव्हाची हाकही ओट्यावर पोचली नव्हतीच. आणि बाण पुरा झाल्यावर तो सोडायचा असतो, की भिंतीवर टांगायचा?

जबलपूरला ग्वारीघाटावर सकाळची आरती करून वर आलो आणि मुलाचा फोन आला. सासूबाईंना ताप, छातीत कफ, दवाखान्यात ठेवलंय. "तुम्ही काळजी करू नका, आम्ही आहोत" असं म्हणाला, पण आवाज वेगळा होता. निघताना याच सासूबाई म्हणाल्या होत्या, "जा रे भो, माले काय धाड भरनी?" आता काय करायचं? आम्ही उत्तर तीरावर, घर दक्षिणेला. परत जायचं म्हणजे नदी ओलांडायची, म्हणजे परिक्रमा खंडित. अमरकंटक दोन दिवसांवर. तिथून वळलो की दक्षिण तीर लागतो, मग जाता येईल, असाही हिशेब आम्ही घाटावर बसून केला. हिशेब केला हे लपवत नाही. एका साधूंना विचारलं. ते म्हणाले, संकल्प तुमचा, नदी तुमचा हिशेब ठेवत नाही. दुसरे एक परिक्रमावासी तिथेच होते, पायी चाललेले. ते म्हणाले, ओलांडलीत तर पहिल्यापासून करावी लागेल, यात सूट नाही. दोघांचंही आम्हाला पटलं, हाच घोळ.

शेवटी आठवलं ते नारेश्वर. तिथे रंग अवधूत महाराजांच्या आईचं स्मारक आहे. इतका मोठा अवधूत, आणि आई सुटली नाही, सोडली नाही. गाडी एका आश्रमात ठेवली आणि संध्याकाळची रेल्वे धरली. जबलपूरहून निघालेली गाडी इटारसीच्या आधी नर्मदा ओलांडते. पूल आला तेव्हा हे खिडकीकडे पाठ करून बसले होते. आम्ही बाटली पदरात धरली होती, का ते सांगता येणार नाही.

मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षूंची गोष्ट कॉलेजात वाचली होती. नागसेन विचारतात, रथ म्हणजे काय? चाकं? आस? दांडी? यातलं कुठलंच रथ नाही, आणि यांच्याशिवायही रथ नाही. जावाच्या बाबतीत आम्ही यांना हेच म्हणून चिडवायचो, की पिस्टन नवा, रिंग नव्या, वायरिंग नवं, टाकीचा पत्रा अर्धा नवा, मग ही अडाजणवाली जावा कुठे राहिली? रेल्वेत तोच प्रश्न उलटून आला. परिक्रमा म्हणजे काय? किलोमीटर? काठ? बाटलीतलं पाणी? न ओलांडण्याचा नेम? आणि निघताना सासूबाईंच्या पाया पडलो, तो तिचा भाग होता की नव्हता?

सासूबाई बऱ्या झाल्या. दवाखान्यात आम्हाला बघून पहिलं वाक्य, "कसाले उनात?" चौथ्या दिवशी घरी आल्या आणि भाकरी कडक झाली म्हणून ओरडल्यासुद्धा. हे एकटेच जाऊन जबलपूरहून गाडी घेऊन आले.

ती आता रिकाम्या ओट्यावर उभी असते. मडगार्डवर नर्मदाकाठची माती वाळली आहे. टाकीवर बोटाचा ठसा उमटू न देणारे हे, पण माती धूत नाहीत. दसऱ्याला झेंडूचा हार घातला तोही मातीवरूनच. सासूबाई त्या गाडीला टेकून सकाळचं ऊन खातात.

पुढे काय, यावर आमच्यात एकमत नाही. हे म्हणतात, जिथे थांबलो तिथून, ग्वारीघाटापासून पुढे. आम्ही म्हणतो, पहिल्यापासून, मिठीतलाईपासून. नेम मोडल्याची भीती म्हणून नाही, पण अर्धी करून पूर्ण सांगण्याची सवय आम्हाला आहे, हे त्या ताईंच्या प्रश्नाने कळलं आहे. कडकणाऱ्या बांगड्यांची गोष्टही अवधूताच्या तोंडीच आहे. कुमारिका भात कांडताना एकेक बांगडी उतरवते, हातात एकच उरते तेव्हा आवाज थांबतो. म्हणून एकट्याने फिरावं म्हणतात. आम्ही दोघं आहोत, आवाज होणारच. सासूबाईंना सोबत न्यायचं तर गाडीवर जमत नाही, आणि त्यांना ठेवून पुन्हा जायला मन घेत नाही. त्या मात्र रोज विचारतात, "मंग, कवय जातस?"

बाटली देवघरात आहे. परिक्रमा मध्येच थांबवावी लागलेले कुणी आपल्या केंद्रात असतील, तर त्या जलाचं पुढे काय केलं, ते आम्हाला जरूर कळवावं. या गुरुवारी भांडी घासायची सेवा आमच्याकडेच आहे, तेव्हा बोलता येईल. गोडादऱ्याच्या ताईंनीही यावं.

जय गुरुदेव.